अर्धा शब्द दुसऱ्याचा

"सत्ता ही सर्वव्यापी असून ती संहितेच्या माध्यमातून आपले धुरीणत्व प्रस्थापित करते."

सांस्कृतिक सिद्धान्ताचा पेपर नुकताच सुरू झालेल्या विद्यार्थ्याच्या निबंधात हे वाक्य, नाहीतर याच्या नात्यातलं एखादं, हमखास भेटतं. व्याकरण ठीक असतं. एकही शब्द वावगा दिसत नाही. पण तेच वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं की वाचणाऱ्याचा आवाज बदलतो, पाठ केलेलं म्हणून दाखवताना होतो तसा सपाट होतो. शेजारी बसलेल्या पीअर ट्यूटरने, म्हणजे लिहिण्यात मदत करणाऱ्या सहविद्यार्थ्याने विचारावं, "यातली सत्ता कुणाची? कुणावर चालते?" आणि लिहिणारा गप्प होतो.

अभ्यास झालेला नाही म्हणून तो गप्प झाला, असं समजणं सोपं असतं आणि बहुतेक वेळा चुकीचं असतं. अभ्यास झालेला असतो. वाक्यही त्यानेच लिहिलेलं असतं, पण ते अजून त्याचं झालेलं नसतं. रशियन विचारवंत मिखाईल बाख्तिनने १९३४-३५ मध्ये कादंबरीतल्या भाषेवर लिहिताना हे नेमकं पकडलं होतं. त्याचं म्हणणं असं की भाषेतला शब्द अर्धा दुसऱ्याचा असतो. बोलणारा त्यात आपला हेतू आणि आपला सूर ओततो तेव्हा कुठे तो त्याचा होतो. काही शब्द मात्र हट्टाने परकेच राहतात, बोलणाऱ्याच्या मनाविरुद्ध स्वतःच अवतरणचिन्हांत जाऊन बसतात. ‘धुरीणत्व’ (इंग्रजीतला ‘हेजेमनी’) हा नव्या विद्यार्थ्याच्या हातात असाच बसतो.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला लिहिण्यात मदत करणं आणि सिद्धान्त शिकणं ही दोन कामं मला एकाच जागी भेटतात, ती जागा ही. दुसऱ्याकडून आलेला शब्द आपला कसा होतो, हा दोन्हीकडचा प्रश्न आहे. एक काम करताना दुसरं शिकून होतं, आणि एकातली चूक दुसऱ्यात लगेच उघडी पडते.

विद्यार्थ्याकडूनच मदत का, याला एक व्यवहारी इतिहास आहे. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने १९७० मध्ये शहरातल्या शाळांतून उत्तीर्ण झालेल्या सगळ्यांना प्रवेश खुला केला. मदतीची गरज असलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने आले, पण त्यांच्यासाठी ठेवलेल्या मदतीकडे फिरकेनात. ती मदत त्यांना वर्गाचाच पुढचा भाग वाटत होती. तिथल्या ब्रुकलिन कॉलेजमध्ये केनेथ ब्रफी यांनी विद्यार्थ्यांनाच ट्यूटर म्हणून तयार करायला सुरुवात केली. पुढे १९८४ मध्ये त्यांनी यामागचा विचार मांडला. विचार म्हणजे आत वळलेलं संभाषण आणि लेखन म्हणजे तेच संभाषण पुन्हा बाहेर आणणं, असं त्यांचं सूत्र होतं. म्हणून लेखन सुधारायचं तर ज्या बोलण्यातून विचार घडतो ते बोलणं आधी घडायला हवं. त्याच वर्षी स्टीफन नॉर्थ यांनी लेखन केंद्राचं, म्हणजे विद्यार्थ्यांना लिहिण्यात अशी मदत मिळते त्या जागेचं, काम सांगितलं: लेखन सुधारण्यापेक्षा लेखक घडवणं. हे वाक्य जगभर ट्यूटरच्या प्रशिक्षणात सांगितलं जातं. ऐकायला सोपं वाटतं. समोर उद्या सकाळी जमा करायचा निबंध असतो तेव्हा ते पाळणं फार कठीण होतं.

सेशन ४५ मिनिटांचं धरू. शेजारी बसावं, समोरासमोर बसू नये. समोरासमोर बसलं की तोंडी परीक्षा होते. कागद दोघांच्या मध्ये, पण लिहिणाऱ्याकडे थोडा जास्त. पेन्सिल त्याच्याच हातात. लॅपटॉप असेल तर कीबोर्डही त्याच्याचकडे, आणि फाइल ऑनलाइन शेअर केलेली असेल तर ट्यूटरने फक्त बाजूला कॉमेंट लिहावी, मजकुराला हात लावू नये. ही शिस्त बारीक वाटते. पण ट्यूटरच्या हातात पेन्सिल गेली की पाच मिनिटांत तो स्वल्पविराम दुरुस्त करायला लागतो आणि लिहिणारा खुर्चीत मागे रेलून बसतो. एकदा मागे रेललेला लेखक उरलेल्या वेळात पुन्हा पुढे येणं अवघड.

पहिली पाच मिनिटं तीन गोष्टींची: असाइनमेंट काय आहे, कधी द्यायची आहे, आणि आज कुठे अडलंय. असाइनमेंट तोंडी विचारू नये, कागदावरची किंवा फोनमधली मूळ भाषा बघावी. आठवणीतून सांगताना ‘विश्लेषण करा’चं ‘माहिती लिहा’ होऊन जातं, आणि मग अख्खा निबंध दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो. हे पस्तिसाव्या मिनिटाला कळण्यासारखी दुसरी निराशा नाही.

मग वाचन. हजार शब्द मोठ्याने वाचायला आठ-दहा मिनिटं लागतात. तीन हजार शब्दांचा निबंध सगळा वाचायला घेतला तर बोलायला वेळच उरत नाही. अशा वेळी पहिला परिच्छेद, शेवटचा, आणि मधला एक, तो लिहिणाऱ्याने निवडलेला. शक्यतो लिहिणाऱ्यानेच वाचावं. वाचताना कागदावर नसलेला एखादा शब्द तो नकळत घालतो, मोडलेलं वाक्य तोंडाने जोडून घेतो. कानाला दुरुस्ती माहीत असते, हाताला नसते. अशा जागी ट्यूटरने स्वतःच्या वहीत फक्त एक टिंब द्यावं आणि नंतर म्हणावं, "तू इथे जे वाचलंस ते कागदावर आहे का, बघ." मोठ्याने वाचायचा संकोच असेल तर ट्यूटरने वाचावं. त्याचा वेगळाच फायदा होतो: वाचणारा कुठे अडखळतो, कुठे श्वास संपतो, ते लेखकाला ऐकू येतं.

यानंतर मी ज्या एका कृतीवर सगळ्यात जास्त विसंबेन ती म्हणजे उलटा आराखडा. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात दोन टिपा लिहायच्या. तो परिच्छेद काय म्हणतो, ही एक. तो काय करतो, ही दुसरी. पहिली टीप सोपी असते, कारण ती सारांश असते. दुसरीपाशी थांबायला होतं. ‘ग्रामचीची कल्पना समजावतो’, ‘उदाहरण देतो’, ‘विरुद्ध बाजू मांडतो’, ‘आधीच्याच मुद्द्याला दुजोरा देतो’ अशी क्रियापदं तिथे यावी लागतात. सिद्धान्तावरच्या निबंधात समासात ओळीने चार वेळा ‘समजावतो’ आलं की काय बिघडलंय ते लेखक स्वतःच बोलून दाखवतो. ट्यूटरला काही सांगावं लागत नाही. सहा परिच्छेदांना बारा मिनिटं पुरतात.

या सगळ्यात प्रश्न विचारून थांबता येणं, हे कौशल्य दिसतं त्याहून कठीण. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून अभ्यासलं तेव्हा आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारेही बोलतात. लेखनाच्या सेशनमध्ये तीन सेकंदही कमीच. दहा मोजावेत. त्या दहा सेकंदांत समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहू नये, कागदाकडे बघावं. नाहीतर थांबण्याचा दबाव होतो. आणि ज्याचं उत्तर आपल्या मनात आधीच तयार आहे तो प्रश्न विचारू नये. "इथे अजून काहीतरी हवं असं नाही वाटत तुला?" हा प्रश्न नव्हे, झाकून केलेली सूचना आहे. लिहिणारा मग निबंधाचा विचार सोडून ट्यूटरच्या मनातलं ओळखायला लागतो.

मग सांगायचंच नाही का काही? या मुद्द्यावर ट्यूटर मंडळींत मोठा वाद झालेला आहे. जेफ ब्रुक्स यांनी १९९१ मध्ये ट्यूटरने कमीत कमी हस्तक्षेप करावा, काम विद्यार्थ्यालाच करू द्यावं, अशी बाजू मांडली. लिंडा शमून आणि डेबोरा बर्न्स यांनी १९९५ मध्ये तिला विरोध केला: संगीत शिकवणारा वाद्य हातात घेऊन वाजवून दाखवतो, मग लेखनातच दाखवून देणं निषिद्ध का? मी या वादात निम्मी-निम्मी वाटणी करणार नाही. प्रश्न विचारून जे सापडू शकतं ते विचारावं, आणि जे कितीही विचारलं तरी सापडणार नाही ते सरळ सांगून टाकावं. मुद्दा, उदाहरण, क्रम, शंका हे लेखकाच्या आत असतं. अवतरणानंतर संदर्भ कसा द्यायचा, निबंधाचा दावा पहिल्याच पानावर अपेक्षित असतो, ‘मला वाटतं’ चालतं की नाही, हे त्याच्या आत नसतं. त्याबद्दल "तुला काय वाटतं?" विचारत राहणं ही त्या विद्यार्थ्याची थट्टा होते.

हा नियम मला सिद्धान्ताच्या वाचनातून मिळाला, प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतून नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू आणि झां-क्लोद पासेरों यांनी १९६५ मध्ये लिहिलं की विद्यापीठाची भाषा कुणाचीच मातृभाषा नसते, सुशिक्षित घरांतल्या मुलांचीही नसते. पण त्या भाषेपासूनचं अंतर सगळ्यांना सारखं नसतं, हाही त्यांचाच मुद्दा. ज्यांच्या घरी पुस्तकांबद्दल त्या सुरात बोललं जातं त्यांना निबंधाचे अलिखित नियम कुणी न शिकवता येतात, आणि मग ती त्यांची हुशारी समजली जाते. बोर्द्यूने याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. ट्यूटर नुसता प्रश्न विचारत बसला आणि नियम सांगितलेच नाहीत, तर ज्याच्याकडे ते भांडवल आहे तो तरतो आणि ज्याच्याकडे नाही तो आपणच मठ्ठ आहोत असं समजून घरी जातो. तटस्थ दिसणारी पद्धत एका बाजूला झुकलेली असते, हे वाक्य परीक्षेत लिहायला सोपं. टेबलावर ते एका विशिष्ट माणसाच्या पडलेल्या चेहऱ्यात दिसतं.

बोलीतली रूपं लिखाणात आली की हाच प्रश्न आणखी टोकदार होतो. तिथे आधी वेगळं करावं: ही टंकनाची चूक आहे, बोलीतलं नियमित रूप आहे, की जाणून केलेली निवड? तिन्हींना एकच लाल रेघ मारणं चुकीचं. बोलीतलं रूप असेल तर प्रमाण रूप कोणतं ते सांगावं, त्याची अपेक्षा कोण करतं ते सांगावं, न पाळल्यास काय होऊ शकतं तेही सांगावं. निर्णय लिहिणाऱ्याचा.

आता त्या पहिल्या वाक्याकडे. समजा निबंध गणिताच्या पाठ्यपुस्तकांतल्या शाब्दिक उदाहरणांवर आहे: आई भाजीचा हिशोब करते, वडील कर्जाचं व्याज काढतात. विषय उत्तम आहे. पण पहिल्या पानावर ना आई दिसते ना वडील. सत्ता, संहिता, माध्यम आणि धुरीणत्व दिसतात.

‘सर्वव्यापी’पासून सुरुवात करू. फ्रेंच विचारवंत मिशेल फुकोने १९७६ मध्ये सत्ता सगळीकडे आहे असं लिहिलं, हे खरं. पण लगेच कारण दिलं: ती सगळ्याला व्यापून आहे म्हणून नाही, ती सगळीकडून येते म्हणून. मराठीतला ‘सर्वव्यापी’ हा शब्द आपण परमेश्वराला लावतो. तो शब्द घेतला की फुकोने जे नाकारलं तेच नेमकं वाक्यात शिरतं, वर बसून सगळं व्यापणारी एक शक्ती. विद्यार्थ्याचा घोटाळा फुको न वाचल्यामुळे झालेला नसतो. मराठी शब्दाने आपलं जुनं सामान सोबत आणलेलं असतं. इथे ट्यूटरने विचारावं, "सगळीकडून म्हणजे या उदाहरणात कुठून कुठून?" उत्तरं येऊ लागतात: लेखक मंडळाकडून, चित्रकाराकडून, उदाहरण वाचून दाखवणाऱ्या बाईंकडून, उत्तर बरोबर आलं म्हणून खूश झालेल्या मुलाकडून. ही चार नावं कागदावर आली की परिच्छेद निम्मा झाला.

‘धुरीणत्व’ला बदलून बघण्याची कसोटी लावावी. त्या जागी ‘जबरदस्ती’ किंवा ‘दबदबा’ घालून वाक्य वाचायचं. अर्थ तसाच राहिला, तर तो शब्द तिथे काही काम करत नाही, नुसता उभा आहे. ही कल्पना मांडणाऱ्या इटालियन विचारवंत अंतोनिओ ग्रामचीच्या लेखी या कल्पनेचं मर्म संमतीत आहे: ज्यांच्यावर राज्य चालतं ते त्या रचनेला आपलीच मानतात, कारण त्यांना त्यातून काहीतरी मिळतही असतं. मराठी शब्द इथे मदतीला येतो. धुरीण म्हणजे धुरा वाहणारा, पुढे राहून ओढणारा. पुढारपण मान्य असल्याशिवाय तो शब्द लागत नाही. ‘वर्चस्व’मध्ये ही मान्यता नाही. म्हणून लेखकाला तीन छोटी वाक्यं तो शब्द न वापरता लिहायला सांगावीत: कोण होकार देतं, कशाला देतं, बदल्यात काय मिळतं. तिसरं वाक्य नेहमी अडतं. तिथेच थांबायचं, कारण निबंधाचा दावा बहुधा तिथेच लपलेला असतो.

‘च्या माध्यमातून’ हा आणखी एक आडपडदा. हा शब्दप्रयोग खोडून ‘कशाने?’ असा प्रश्न लिहिला की चित्र, नाव, क्रियापद, आकड्यांचा आकार असं काहीतरी बोट ठेवता येईल असं सांगावं लागतं. आईच्या उदाहरणातल्या रकमा दोन आकडी आणि वडिलांच्या सहा आकडी आहेत, हे निरीक्षण ‘माध्यमातून’च्या खाली दबून गेलेलं असू शकतं. ‘मानले जाते’, ‘दिसून येते’, ‘असे म्हणता येईल’ यांचंही तसंच, प्रत्येकापाशी ‘कोण?’ विचारावं. कधीकधी मात्र कर्ता लपलेला असणं हाच मुद्दा असतो, तेव्हा कर्मणी प्रयोग राहू द्यावा. लिहिणाऱ्याला तो का ठेवला हे सांगता आलं म्हणजे झालं.

‘संस्कृती’ या शब्दाचीही थोडी झाडाझडती घ्यावी लागते. इंग्रजी ‘कल्चर’च्या मुळाशी लॅटिनमधली मशागत आहे, जमिनीची निगा. बंगालीत याच्या जवळचा ‘कृष्टी’ शब्द चालत होता, नांगरटीशी नातं सांगणारा. रवींद्रनाथ ठाकुरांना तो रुचला नाही, त्यांनी ‘संस्कृती’ची बाजू घेतली. आपल्या या शब्दात संस्कार आहे, म्हणजे मुळातच निवडून, धुऊन, घडवून घेतलेलं काहीतरी. ‘सुसंस्कृत’ त्याच घरातला. त्यामुळे मराठीत संस्कृतीवर लिहिताना वाक्य आपोआप उच्च, शुद्ध, जपण्याजोगं याकडे कलतं. ब्रिटिश समीक्षक रेमंड विल्यम्स १९५८ मध्ये सांगत होता की संस्कृती ही सामान्य, रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे. मराठीत ते म्हणताना शब्दाच्याच विरुद्ध जोर लावावा लागतो. हे लक्षात आलं की विद्यार्थ्याला स्वतःचं वाक्य अवघडलेलं का वाटतं ते कळतं. दोष त्याच्या आकलनात नसतो.

एक चूक मात्र सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात कमी वेळा पकडली जाते. सिद्धान्ताची पुस्तकं लिहिणारे अनेकदा ज्याला खोडायचं आहे त्याचं म्हणणं आधी त्याच्याच सुरात, पान-पान मांडतात. घाईत वाचणारा विद्यार्थी तिथलंच वाक्य उचलून ‘अमुक यांच्या मते’ म्हणून निबंधात टाकतो. मत अगदी उलटं होऊन बसतं. यावर उपाय एकच: अवतरणाच्या आधीचं आणि नंतरचं एकेक पान उघडून ‘परंतु’, ‘तथापि’, ‘असे मानणाऱ्यांना’ यांवर पेन्सिलने गोल करायचा. पुस्तक सोबत आणायला सांगावं. नुसत्या टिपणांवरून ही चूक कधीच सापडत नाही.

पुष्कळ सेशन शिक्षकांच्या शेऱ्यांपासून सुरू होतात. सांस्कृतिक अभ्यासक स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये दूरचित्रवाणीबद्दल मांडलं होतं की संदेश भरणाऱ्याचा अर्थ आणि उलगडणाऱ्याचा अर्थ एकच असेल याची हमी नसते. प्रेक्षक प्रस्थापित अर्थ स्वीकारतो, काही मान्य काही अमान्य अशी तडजोड करतो, किंवा विरोधात वाचतो. समासातला ‘अस्पष्ट’ हा शेरा घ्या. शिक्षकाला म्हणायचं असतं: कोण काय करतंय ते कळत नाही. विद्यार्थी वाचतो: भाषा पुरेशी विद्वान नाही. तो आणखी जड शब्द घालतो, आणि पुढच्या मसुद्यावर पुन्हा ‘अस्पष्ट’ येतं. ‘विस्तार करा’चा अर्थ आणखी उदाहरणं असा घेतला जातो, हवा असतो एका उदाहरणाचा खोलवर विचार. ‘मग काय?’ हा अपमान वाटतो. खरं तर तो सगळ्यात उदार शेरा आहे, त्यात पुढे ऐकायची तयारी आहे. ट्यूटरने शेऱ्याचा अर्थ छातीठोकपणे सांगू नये. दोन-तीन शक्य अर्थ मांडून, कोणता ते शिक्षकांनाच विचारायचा नेमका प्रश्न लिहायला मदत करावी.

ट्यूटरही विद्यार्थीच आहे म्हणून टेबलावर सत्ता नसते, असं मानणं भाबडं आहे. पहिल्याच मिनिटाला ‘तू’ की ‘तुम्ही’ ठरतं. पहिल्या वर्षाची मुलगी ‘ताई’ किंवा ‘दादा’ म्हणते आणि त्या एका शब्दाने आपुलकी येते तशी वडीलकीही येते. ताईने सांगितलेलं मग तपासलं जात नाही. ‘तू’ म्हणायला आग्रह करणं हीसुद्धा एक सक्तीच. म्हणून संबोधनावर वेळ न घालवता कृतीत समानता आणावी: ट्यूटरला एखादी कल्पना कळली नसेल तर तसं म्हणावं आणि दोघांनी मिळून पुस्तकात बघावं. सेशननंतर नोंद लिहायची पद्धत असेल तर ती कोण वाचणार हे सुरुवातीलाच सांगावं, आणि नोंदीत काय केलं तेवढंच लिहावं: ‘दुसऱ्या आणि पाचव्या परिच्छेदाचा क्रम बदलला’. ‘विद्यार्थी कमकुवत आहे’ असलं काही नाही. एकटक बघत "तुला नक्की काय म्हणायचंय?" असं तीनदा विचारणं म्हणजे मदत राहत नाही, कबुलीजबाब होतो. कबुली काढून घेण्यात सत्ता कशी चालते, हे ज्याने फुकोकडून शिकलं त्याला तरी स्वतःचा सूर ऐकू यायला हवा.

सिद्धान्त शिकताना आणखी एक सवय लागते, संशयाने वाचण्याची. मजकूर काय लपवतो, कुणाला वगळतो, हे आधी दिसायला लागतं. छापून आलेल्या पुस्तकाला ते सोसतं. मित्राच्या पहिल्या मसुद्यावर तीच नजर टाकली तर तो पुन्हा दाखवायला येणार नाही. मसुदा अजून काही लपवण्याइतका तयारच झालेला नसतो. आधी "मला यातून असं समजलं" म्हणून त्याचं म्हणणं त्याला परत सांगावं, आणि चुकीचं समजलं असेल तर त्याला दुरुस्त करू द्यावं. त्या दुरुस्तीत तो बोलतो ती वाक्यं बहुतेक वेळा निबंधातल्या वाक्यांपेक्षा सरस असतात. ती त्याने तिथल्या तिथे लिहून घ्यावीत.

उलट दिशेनेही काही मिळतं. मसुदे वाचायची सवय झाली की मोठे ग्रंथही मसुद्यांसारखे वाचता येतात. ग्रामचीच्या तुरुंगातल्या वह्या १९२९ ते १९३५ दरम्यान लिहिलेली टिपणं आहेत, त्याने स्वतः छापायला दिलेला ग्रंथ नव्हे. तिथे ‘धुरीणत्व’ची एकच व्याख्या सापडत नाही म्हणून विद्यार्थी हवालदिल होतात, पण टिपणांत ती सापडणार कशी? भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचा १९१६ चा भाषाविज्ञानावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी मुख्यतः विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून रचला. बर्मिंगहॅमच्या सांस्कृतिक अभ्यास केंद्रात हॉलचा तो १९७३ चा निबंध स्टेन्सिलवर काढलेल्या प्रतींतून फिरला. या विषयाचा बराचसा पाया वह्या, टिपणं आणि आपसात वाटलेल्या कच्च्या प्रतींचा आहे. उलटा आराखडा अशा कुठल्याही प्रकरणावर करून बघावा. कुठला परिच्छेद कुणाला उत्तर देतोय ते दिसू लागतं, आणि भीती जाते.

मदत कुठे संपते आणि दुसऱ्याचं लिहून देणं कुठे सुरू होतं, हा प्रश्न कायम राहतो. बोलता बोलता ट्यूटरच्या तोंडून एखादं नेटकं वाक्य निघतं आणि लिहिणारा ते भराभर उतरवायला लागतो. तेव्हा त्याला थांबवावं. त्याहून चांगलं म्हणजे एकच पर्याय कधी बोलू नये. दोन बोलावेत, दोन्ही थोडे अपुरे, म्हणजे उतरवण्यासारखं काही उरत नाही आणि तिसरं वाक्य त्याला करावंच लागतं. यंत्राकडून लिहून घेतलेला मसुदा घेऊन कुणी आलं तर चौकशी करत बसू नये. प्रत्येक वाक्याशी तोच प्रश्न विचारावा: हे खोडून काढायचं असेल तर कुणी काय म्हणेल, आणि तू काय उत्तर देशील? उत्तर देता येतं ती वाक्यं राहतात. बाकीची तो स्वतःच खोडतो.

शेवटची पाच मिनिटं नव्या मुद्द्याला द्यायची नाहीत, कितीही मोह झाला तरी. पुढे काय करायचं ते लिहिणाऱ्याने स्वतःच्या हाताने, तीनच ओळींत लिहावं. आणि वेळ असेल तर पहिलं वाक्य पुन्हा. गणिताच्या पुस्तकांवरच्या त्या निबंधाचं पहिलं वाक्य आता असं काहीसं होऊ शकतं: "गणिताच्या पुस्तकात आई भाजीचा हिशोब करते आणि वडील कर्जाचा. कुणी जबरदस्ती करत नाही. उत्तर बरोबर येतं, मार्क मिळतात, आणि त्या वाटणीला होकार देऊनच मूल पुढच्या उदाहरणाकडे वळतं."

हे वाचताना आवाज सपाट होत नाही. ‘धुरीणत्व’ आता पहिल्या ओळीत नाही. ते चौथ्या ओळीत आणायचं, की दुसऱ्या परिच्छेदापर्यंत थांबायचं, हे अजून ठरलेलं नसतं. लिहिणारा तो शब्द पेन्सिलने समासात लिहितो, पुढे प्रश्नचिन्ह टाकतो, आणि वही मिटतो.